व्हिडिओनंतरचा तास

२०२०च्या टाळेबंदीत गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिष्टावो’ हा उपक्रम हाती घेतला. गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला एकेक घटक राज्यातल्याच महाविद्यालयीन शिक्षकांनी शिकवायचा, त्याचे चित्रण करायचे आणि ते कुणालाही मोफत पाहता येईल असे यूट्यूबवर ठेवायचे, अशी ही योजना. पेडणे तालुक्यात विर्नोड्याला किंवा डिचोली तालुक्यात साखळीला शिकणारा विद्यार्थी एरवी मडगावच्या प्राध्यापकाचे व्याख्यान कशाला ऐकणार होता? एवढ्याशा राज्याने हे करून दाखवले, याचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. प्रश्न त्यापुढचा आहे. व्याख्यान जर मोबाइलवर मिळते, तर वर्गातला तास कशासाठी?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक प्रशासनाला आवडणारे: चांगला व्हिडिओ एकदा तयार झाला की शिक्षकांची गरज कमी होईल. दुसरे शिक्षकांना आवडणारे: साथ संपली, आता पुन्हा खडू-फळा आणि नोट्स. दोन्ही उत्तरांनी एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे, की शिकवणे म्हणजे सांगणे. सांगण्याचे काम व्हिडिओ खरेच चांगले करतो. तो थांबवता येतो, मागे नेता येतो. बस चुकली किंवा नोकरीमुळे तास बुडाला तर रात्री पाहता येतो. पण ऐकलेले आपल्या अनुभवाशी ताडून पाहणे, शंका काढणे, उत्तर चुकले तर का चुकले हे शोधणे, यासाठी समोर माणूस लागतो. व्हिडिओने सांगण्याचा भार उचलला, तर तास या कामासाठी मोकळा होतो.

त्यासाठी शिक्षकाच्या हाती येणारे साहित्य नुसते पाहण्यापुरते असून भागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ साली आपले अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत ‘खुली शैक्षणिक संसाधने’ ही संकल्पना पुढे आली आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवानेही निघाले. या सगळ्या खटपटीचा गाभा मोफत वाटपात नव्हता. दुसऱ्याने केलेला धडा घ्यावा, त्यात बदल करावा, मूळ कर्त्याचे नाव ठेवून तो पुन्हा सर्वांसमोर मांडावा, हा हक्क त्यात महत्त्वाचा होता. २०१९ साली युनेस्कोने सदस्य देशांना केलेल्या शिफारशीतही हा हक्क स्पष्ट नोंदवला आहे. आपल्याकडे मात्र संसाधन म्हणजे लिंक आणि लिंक म्हणजे वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर पुढे ढकलायची वस्तू, इथवरच गाडी आली आहे.

बदलण्याचा हक्क का हवा, हे साखळीच्या अर्थशास्त्राच्या वर्गात सहज कळेल. खनिज संपत्ती आणि अर्थव्यवस्था हा घटक शिकवताना पाठ्यपुस्तके नेदरलँड्सचा दाखला देतात: १९५९ साली नैसर्गिक वायू सापडला आणि त्या भरभराटीत इतर उद्योग मागे पडले. दाखला चांगलाच आहे. पण डिचोली तालुक्याने खनिजाची भरभराट आणि तिचा अंत, दोन्ही पाहिले आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे सुरू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रकांची कर्जे, गॅरेजे, खाणावळी, खनिजाच्या मातीने भरलेली शेते हे सगळे विद्यार्थ्याच्या घराभोवतीच आहे. खुल्या धड्यात हा भाग घालून शिक्षकाने विचारावे, की खाणीच्या पैशाने शेतीतली माणसे ओढून नेली का? विद्यार्थी घरी विचारून, ग्रामपंचायतीतून माहिती काढून उत्तर आणतील. पेडण्यात हेच मोप विमानतळाबाबत करता येईल. जानेवारी २०२३ मध्ये तिथून विमाने उडू लागली. जमिनीच्या किमती, रोजगार, टॅक्सी व्यवसाय यांत काय बदलले, हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला रोज दिसणारा विषय आहे.

दुसरी गरज भाषेची. पेडणे-डिचोलीतली अनेक मुले प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतात आणि पदवीला इंग्रजीला सामोरी जातात. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने यावर साधा मार्ग काढला. संगणकाचा पडदा मूळचाच ठेवायचा आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत द्यायचे. विद्यार्थ्याला विषय आपल्या भाषेत कळतो आणि व्यवहारातले इंग्रजी शब्द डोळ्यांसमोर राहतात. ‘दिष्टावो’तल्या अवघड घटकांना मराठी आणि कोंकणी निवेदनाची अशी जोड द्यायला कोणती अडचण आहे?

तंत्र बाहेरून आले की भाषेला वाकावे लागते, हे गोव्याइतके कुणाला ठाऊक असणार? भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथे आला. पण फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आज युनिकोड हाताशी असूनही मराठी टिपणे जुन्या फाँटमध्ये टाइप होतात किंवा झेरॉक्सचे फोटो काढून पाठवली जातात. त्यांत शब्द शोधता येत नाही, दुरुस्ती करता येत नाही, दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या संगणकाला ती वाचता येत नाहीत.

धडे बदलण्याच्या या हक्कावर गंभीर आक्षेप आहे तो दर्जाचा. प्रत्येकाने आपापला धडा बदलला तर चुका कोण तपासणार? उत्तर असे, की आज बंद वर्गात आणि झेरॉक्सच्या टिपणांत होणाऱ्या चुका तरी कोण तपासतो? उघड्यावर ठेवलेला धडा दुसरा शिक्षक वाचतो, सुधारतो. दुसरा धोका अधिक खरा आहे. २०२१च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून करता येतात. या सवलतीचा उपयोग विषयांची निवड वाढवण्यासाठी होईल की शिक्षकांची पदे न भरण्यासाठी, हे धोरणकर्त्यांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

म्हणून मागण्या साध्या असाव्यात. सरकारी पैशातून झालेल्या प्रत्येक व्हिडिओवर खुला परवाना स्पष्ट लिहावा. त्यासोबत दुरुस्त करता येईल अशी युनिकोड टिपणे आणि सादरीकरणाची मूळ फाइल ठेवावी. शिक्षकाच्या कार्यभारात धडे सुधारण्यासाठी तास मोजून द्यावेत. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत ई-साहित्य तयार करण्याला गुण आहेत. तसेच दुसऱ्याचा धडा सुधारून स्थानिक करण्यालाही असावेत. नाही तर एकाच घटकाचे दहा नवे व्हिडिओ होतील आणि एकही सुधारला जाणार नाही. विर्नोड्याचा शिक्षक मडगावचा धडा दुरुस्त करून परत पाठवतो आणि मडगावचा वर्ग तो वापरतो, असे घडू लागले, की शैक्षणिक तंत्रज्ञान गोव्यात रुजले असे म्हणता येईल.