परक्याचा जीव

चाकूरला अंगणातच जुन्या स्कॉर्पिओच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क स्वतः बदलणाऱ्या गृहस्थाचे मला कौतुक वाटते. मजुरी वाचते, हातांनाही समाधान. परंतु आपण शाकारलेले छप्पर गळले तर भिजतो आपणच. ब्रेक फसला तर लातूर-नांदेड रस्त्यावरचा उसाचा गाडीवान चिरडतो, आणि त्याला तर कोणी विचारलेलेच नसते! मिस्त्री चुकला तर बोट दाखवायला माणूस तरी असतो. म्हणून डिस्क जोडीनेच बदलावी. एकच बदलली तर गाडी एकीकडे ओढते. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे रेटलेला असतो, त्यामुळे पहिला पाय पोकळ जातो. पेडल अंगणातच दाबून दाबून घट्ट करावे, दिवाळीची मुले गाडीत चढून बसली असली तरी.