पुन्हा तीच पोथी

गोव्यात मुरगाव तालुक्यातल्या वास्कोत श्रावणात दामोदर भजनी सप्ताह भरतो. भजन रात्रंदिवस अखंड चालतं. अभंग दरवर्षीचेच, तोंडपाठ. तरी गळा दाटून येतो. ठाऊक असलेलंच माणसाला पुन्हा का हवं असतं?

वारकऱ्यांचं उत्तर पारायण. १२९०ची ज्ञानेश्वरी : १८ अध्याय, ९,०००वर ओव्या, बहुधा सात दिवसांत. तांबड्या फडक्यातून पोथी निघते. पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या, मध्येच वाळलेलं तुळशीचं पान. पुढे काय, ही उत्सुकता उरलेली नसते, म्हणूनच लक्ष शब्दावर ठरतं. विशीत जिच्यावरून नजर घसरली, ती ओवी साठीत वाट अडवते.

पोथी तीच, वाचणारा बदललेला.

एकनाथांनी १५८४मध्ये प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तोही पुनर्वाचनातूनच. ही ओढ वारकऱ्यांपुरतीच नाही : गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापलं गेलं आणि त्याच शतकात १६४९ व १६५४मध्ये पुन्हा छापावं लागलं.

मग पुण्य आवर्तनांच्या संख्येत की उमजण्यात? संख्येचा नेम माणसाला पोथीपाशी बसवतो. उमजणं तिथे बसल्यावरच घडतं. अठरावा अध्याय संपतो, आरती होते, आणि तुळशीचं पान पुन्हा पहिल्या अध्यायात ठेवलं जातं.