कोरड्या मातीची राखण



धर्मगुरूनिवासामागे आंब्याच्या सावलीत आम्ही भुईचाफा लावला होता. हळद-आल्याच्या कुळातली, जंगलात झाडांखाली वाढणारी ही कंदवर्गीय वनस्पती. पावसाळ्यात पाने छान फोफावली. पाऊस सरल्यावर ती पिवळी पडली आणि डिसेंबरात तिथे नुसती माती उरली. आम्हाला वाटले, पाणी कमी पडले. म्हणून रोज सकाळच्या मिस्सानंतर आम्ही न चुकता पाणी घालू लागलो. उन्हाळ्यातही काही उगवेना, तेव्हा उकरून पाहिले. कंद कुजून गेले होते.

शेजारच्या वाडीतल्या एका आजोबांना हे सांगितले, तेव्हा ते हसले. "फादर, तो मेला नव्हता, झोपला होता. तुम्ही त्याला बुडवलात." त्यांनीच नवे कंद दिले आणि बजावले, "पाने गेली की पाणी बंद. पण भोवती दगड मांडा, नाहीतर कोणीतरी कुदळ मारेल."

पुढच्या हिवाळ्यात आम्ही हात आवरला. मग उपवासकाळात एके सकाळी, एकही पान नसताना, उघड्या मातीतून थेट फूल वर आले. पांढरे, जांभळ्या पाकळीचे, सुगंधी. पाने पावसाबरोबर मागून आली.

घरभेटीला गेलो की एक प्रश्न हमखास निघतो. "फादर, मुलगा मिस्साला येत नाही. रोज सांगून थकले. आता काय करू?" खरे सांगायचे तर आम्हीही अशा तरुणांना रस्त्यात गाठून उपदेश केला आहे. त्यातले काही आता आम्हाला पाहून वाट बदलतात. आमची कळकळ खरी होती. पाणीही आम्ही कळकळीनेच घातले होते.

मग स्वस्थ बसणे हेच प्रेम का? ही तर आळसाची पळवाट झाली, असे कोणी म्हणेल. संत लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्यात तीन वर्षे फळ न देणाऱ्या अंजिरासाठी माळी आणखी एक वर्ष मागून घेतो आणि भोवती खणून खत घालायचे ठरवतो. तो स्वस्थ बसत नाही. पण तो आपले झाड ओळखतो. अंजिराला खत हवे होते, भुईचाफ्याला कोरडी माती. संत थॉमस अक्वायनस विवेकाला इतर नैतिक सद्गुणांचा मार्गदर्शक मानतात, ते यासाठीच. समोरच्याला आज काय हवे आहे हे न पाहता केलेले प्रेम बहुधा आपल्याच अस्वस्थतेची समजूत घालत असते.

बेपर्वाई आणि संयम, दोन्हीकडे पाणी घालणे थांबते. फरक दगडांत आहे. बेपर्वा माणूस जागा विसरतो, संयमी माणूस ती राखतो. जेवणाच्या टेबलावर त्या मुलाची जागा राखावी. त्याचे नाव रात्रीच्या रोझरीत घ्यावे. तो बोलू लागला तर आधी ऐकावे. आणि "तो वाया गेला" असे म्हणत कोणी कुदळ उचलली, तर मध्ये उभे राहावे. एवढे करणाऱ्या आईने हात बांधलेत असे कोण म्हणेल?

यंदाही पाने गेली आहेत. आंब्याखाली सध्या फक्त दगडांचे कडे दिसते. मागच्या दाराने येणाऱ्यांनी पाय जरा जपून टाकावा.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू