तितिक्षा कोणी करायची?



गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात भगवान अर्जुनाला सांगतात की, इंद्रियांचा विषयांशी संबंध आला म्हणजे शीत-उष्ण, सुख-दुःख होणारच. ते येते आणि जाते, म्हणून सहन कर. या सहन करण्याला शास्त्रात तितिक्षा म्हणतात. या श्लोकावरील हिंदी प्रवचन मराठीत आणताना मला सारखे हेब्बाळच्या आमच्या गुरुवारच्या सत्संगातील एक बालक आठवत होते.

ते सात वर्षांचे आहे, स्वमग्न आहे. आरतीत टाळ आणि घंटा सुरू झाली की कान दाबून किंचाळायचे. आमच्यापैकीच कोणी त्याच्या आईला म्हणाले, "ताई, सवय लावा, थोडं सहन करायला शिकवा." मीही मान डोलावली होती.

पण तितिक्षा ही षट्संपत्तीपैकी एक. ती साधकाने स्वतः कमवायची असते, दुसऱ्याच्या खात्यातून वसूल करायची नसते. श्लोक अर्जुनाला सांगितला आहे, आणि तो प्रौढ, समजून-उमजून प्रश्न विचारणारा वीर आहे. या बालकाने तर काहीच विचारलेले नाही.

ऑटिझममध्ये डोळे, कान, त्वचा यांच्याकडून आलेली संवेदना मेंदू वेगळ्या रीतीने हाताळतो. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या निदानाच्या नियमावलीतही याची नोंद लक्षणांमध्ये आहे. एखाद्याला टाळाचा आवाज टोचतो, शर्टाच्या आतले लेबल टोचते, उदबत्तीचा वास असह्य होतो. दुसऱ्याला उलट संवेदना कमी पडते, म्हणून तो गरगर फिरतो, उड्या मारतो, घट्ट मिठी मागतो. एकाच मुलात दोन्हीही असते. शिवाय हे साठत जाते. ते बालक आमच्याकडे पोहोचते तेव्हा हेब्बाळच्या उड्डाणपुलाजवळचे हॉर्न, विमानतळाकडे धावणाऱ्या गाड्या, लिफ्टमधली गर्दी हे सारे त्याने आधीच सोसलेले असते. घंटेआधीच भांडे काठोकाठ भरलेले! आपल्यासाठी घंटा थांबली की संपली, त्याच्यासाठी ती नंतरही बराच वेळ चालू राहते. त्याला हट्ट म्हणणे म्हणजे भाजलेल्याला रडू नको म्हणण्यासारखे आहे.

ज्ञानेश्वर महाराजांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण किती विस्ताराने सांगितले आहे! पायाखालच्या जीवाला इजा होऊ नये म्हणून पाऊलही हलके टाकणारा माणूस तिथे आहे. मग आपला टाळ हलका व्हायला काय हरकत?

आम्ही प्रथम त्याच्या आईला विचारले (हे खरे तर पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते). आता आरती टाळ्यांवर, हळू आवाजात होते. दाराजवळची जागा त्यांची, म्हणजे कोणालाही न ओलांडता बाहेर जाता येते. आईने चार चित्रे काढली आहेत: चपला, फूल, आरती, घर. येण्याआधी ती त्याला दाखवते, म्हणजे पुढे काय हे ठाऊक असते. कपाळाला टिळा त्याने मान पुढे केली तरच. शिरा हाताला चिकटतो म्हणून त्याचा प्रसाद चुरमुऱ्यांचा. हेडफोन लावून देवासमोर कसे बसायचे, असे एका काकांनी विचारले. आईने शांतपणे सांगितले की ऑक्युपेशनल थेरपिस्टनेच ते सुचवले आहेत. तो बोटांत दोरी फिरवत बसतो, ती कोणी काढून घेत नाही. आपण मन स्थिर व्हावे म्हणून माळेचे मणी ओढतोच ना?

तक्रारी आल्या. टाळांशिवाय आरतीला रंग येत नाही, असे जुन्या साधकांना वाटते, आणि ते खोटे नाही. मलाही सुनेसुने वाटले. हे सुनेपण सोसणे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे. ती आपली तितिक्षा.

शंख अजून वाजतो. त्याआधी आईला खूण केली जाते, दोघे जिन्यात जाऊन थांबतात. गेल्या गुरुवारी ते परत आले तेव्हा त्याचे फूल तसेच हातात होते. त्याने ते देवापुढे नाही, दाराच्या उंबऱ्यावर ठेवले. कोणी उचलले नाही.