परतीचा दोर

डोंगरात अडकलं तर खाली गाव असतं. समुद्रकड्यावर खाली पाणी असतं, आणि भरती लागली की तेच वर येऊ लागतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांमधल्या हॉय बेटाच्या कडेला एक सुळका आहे. ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’, हॉयचा म्हातारा. उंची १३७ मीटर, अंग तांबड्या वालुकाश्माचं, पायाशी बेसॉल्ट. १७५० च्या सुमाराच्या नकाशात तो नाही, तिथे जमिनीचं सलग टोक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या चित्रात त्याला दोन पाय दिसतात. पुढे वादळात एक गेला. म्हणजे हा म्हातारा आपल्या शनिवारवाड्याहूनही वयानं लहान!

ज्या लाटांनी त्याला घडवलं, त्याच त्याला पाडणार आहेत. चढणाऱ्याला हे ठाऊक असतं, तरी तो भेगेत बोटं घालतो. बोटांना वाळू लागते. कपारीतला फुलमार पक्षी घरट्याजवळ कुणी आलं की अंगावर घाणेरडं तेल ओकतो. त्याचं घर आहे ते, ओकणारच.

१९६६ मध्ये ख्रिस बॉनिंग्टन, टॉम पेटी आणि रस्टी बेली यांनी हा सुळका पहिल्यांदा सर केला. दुसऱ्या टप्प्यात जरा खाली उतरून आडवं सरकायचं, मग अंगावर आलेल्या कातळातल्या भेगेतून वर. चढताना निभावतं. उतरताना मात्र दोरावरचा माणूस कातळापासून लांब, अधांतरी लोंबकळतो. म्हणून जातानाच तिथे एक दोर बांधून ठेवतात. येताना त्याला धरून स्वतःला कड्याकडे ओढून घ्यायचं.

आपल्याकडे गोष्ट दोर कापल्याची. १६७० साली सिंहगडावर सूर्याजींनी दोर कापले, माघारी निघालेले मावळे फिरले आणि गड आला. ती लढाई होती, तिथे दोर कापायलाच हवे होते. पण तेव्हापासून परतीचे दोर कापणं हीच हिमतीची खूण होऊन बसली, हे मला डाचतं. समुद्राशी कसली लढाई? त्याची वेळ पाळायची. माथा खुणावत असताना परतीची गाठ नीट बसली का, हे पाहायला जो थांबतो, त्याची हिंमत मला मोठी वाटते.

२०१४ मध्ये, ऐंशी वर्षांचे बॉनिंग्टन पुन्हा त्या म्हाताऱ्याच्या माथ्यावर गेले. पत्नी नुकतीच गेली होती. माथ्यावर पोहोचले, आणि दोरावरून खाली आले.