मोकळीक आणि शेजाऱ्याचा श्वास



आपल्या बुलढाणे जिल्ह्याच्या खेड्यांतील मंडळ्यांची मुले आता खामगाव, चिखली, मलकापूर येथे महाविद्यालयांत शिकावयास जातात. त्यांपैकी एकाने सुटीत घरी आल्यावर आम्हांस विचारिले, "मला मत देण्याचा हक्क मिळाला, मग महाविद्यालयाच्या आवारात मी सिगारेट ओढली तर दंड का?" प्रश्न उर्मटपणाचा नव्हता, म्हणून त्यास दटावून गप्प बसविणे आम्हांस बरे वाटले नाही.

हक्काची गोष्ट निघाली म्हणजे शेजाऱ्याचाही हक्क पाहावा लागतो. मुंबईचे मुरली देवरा ह्यांनी हेच गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे नेले होते. राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने प्रत्येकाच्या जिवास संरक्षण दिले आहे. मग जो कधी ओढीत नाही त्याच्या उरात दुसऱ्याचा धूर का जावा? ह्या विचाराने न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी शिक्षणसंस्था, इस्पितळे, वाचनालये, आगगाड्या अशा ठिकाणी धूम्रपान बंद करण्यास सांगितले. पुढे २००३ चा कायदा झाला. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री नाही, अठरा वर्षांखालील मुलास विकावयाची नाही, सार्वजनिक जागी ओढल्यास २०० रुपयांपर्यंत दंड. तीस खोल्यांच्या हॉटेलास धूम्रपानाची निराळी जागा ठेविता येते. महाविद्यालयास तीही सवलत नाही. मात्र कोणी आपल्या शेताच्या बांधावर एकटा बसून विडी पेटविली, तर हा कायदा त्यास अडवीत नाही. त्याच्या छातीचे जे व्हावयाचे ते होईलच, पण तेवढी मोकळीक त्यास ठेविली आहे.

प्रेषित पौलासही मांस खाण्याची मोकळीक होती. आपल्या खाण्याने करिंथ येथील दुर्बळ बंधू अडखळू नये म्हणून तो ती सोडावयास सिद्ध झाला. त्याने कोणाच्या दंडाची वाट पाहिली नाही.

हे सर्व मुलाने शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "पाळकसाहेब, मी दहा वर्षांचा असताना बाबा मला दुकानावर विड्या आणावयास पाठवीत. पहिला झुरका मी त्याच वाटेवर घेतला."

त्याचे बाबा समोरच बसले होते. त्यांनी कानावरची विडी काढून मुठीत धरिली. आम्हांस उत्तर सुचले नाही. कारण त्या ओसरीवर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आम्हीही कितीदा बसलो होतो, आणि एकदा तर सुटे पैसे आम्हीच त्या लेकराच्या हातावर ठेविले होते.

उपदेशक बंधूंनो, ह्या आठवड्यात प्रार्थना संपल्यावर आपल्या ओसरीवरून दुकानाकडे कोण धावतो, तेवढे पाहावे. आणि ते लेकरू उठू लागले तर त्यास आपल्याजवळ बसवून घ्यावे.