टेरिकॉटचे गोळे

माणसानं चंदनासारखं झिजावं, असं आमचे वडील सांगत. आमच्या घरात चंदन देवाच्या गंधापुरतंच होतं. झिजत असत ती वडिलांची धोतरं. पण खामगावचा माणूस कापसाला नावं ठेवत नाही. ज्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० साली जलंबहून गावापर्यंत रेल्वेचा खास फाटा आणला, त्याचं धोतर विरलं तर दोष नेसणाऱ्याचा! माझ्या थोरल्या भावानं मात्र पहिल्या पगारात टेरिकॉटची पँट शिवली आणि 'ही मरेपर्यंत फाटायची नाही' असं जाहीर केलं. ती खरंच फाटली नाही. मांड्यांवर तेवढे बारीक बारीक गोळे आले.

हे आठवलं भाच्यामुळे. तो मुंबईला कापड तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. म्हणजे नवं कोरं कापड घासून घासून फाडायचं आणि वर पगार घ्यायचा. आमचा परीट हे काम धुलाईतच करून देई.

"मार्टिंडेल नावाचं यंत्र असतं, मामा," सुट्टीवर आलेला भाचा सांगू लागला. कापडाचा गोल तुकडा लोकरीच्या कापडावर दाबून ते हजारो वेळा घासतं. तेही सरळ रेषेत नाही, दिशा बदलत बदलत. अंगावरच्या कपड्याला दाब ९ किलोपास्कल, सोफ्याच्या कापडाला १२. (आमच्याकडे येऊन बसणारे पाहुणे पाहता मी आणखी वाढवला असता.) दोन धागे तुटले की थांबायचं.

"आणि गोळे?"

"त्यासाठी कापड त्याच कापडावर घासायचं."

"म्हणजे भाऊबंदकी!"

तो हसला नाही. म्हणाला, गोळे सुतावरही येतात. पण सुताचा तंतू कच्चा, तो तुटतो आणि गोळा गळून पडतो. पॉलिएस्टरचा तंतू चिवट. तो गोळ्याला सोडतच नाही. मग उजेडात धरून ५ ते १ असे गुण देतात. ५ म्हणजे स्वच्छ.

मी गप्प बसलो. वडिलांच्या एका लाकडी कपाटावरून मी आणि भाऊ अकरा वर्षं बोललेलो नाही. त्या दिवशीचं त्याचं वाक्यन् वाक्य मला पाठ आहे, आणि याला मी आजवर स्वाभिमान समजत आलो. आईचं भांडण दिवेलागणीपर्यंतसुद्धा टिकत नसे. आम्ही तिला भोळी म्हणायचो. ती क्षमा करत होती, की तिचा धागाच कच्चा होता? आणि धागाच कच्चा असेल, तर त्यात तिचा मोठेपणा तो काय? उलट, आलेला प्रत्येक गोळा गळू दिला तर कापडही दर वेळी थोडं थोडं जातंच. वडिलांच्या धोतरांची शेवटी पायपुसणी झाली, हेही मी पाहिलंय.

"आलेल्या गोळ्यांचं काय करतात रे?"

"दाढीच्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायचे. पण जपून, मामा. जोर दिला तर कापड कापतं."

संध्याकाळी भावाच्या घरावरून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा वहिनीच दारात आल्या.

"काही हरपलं काय, भाऊजी?"